वसाबीला पाणी कमी पडत नाहीये, ऊन जास्त होतंय

ताई, तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात असं, की तुम्ही इंग्लंडात रेडिंगला राहता, एप्रिलमध्ये वसाबीची (सुशीबरोबर जी नाकात जाणारी हिरवी तिखट चटणी देतात तिचं झाड) दोन रोपं ऑनलाइन मागवली आणि पाटिओवर, म्हणजे घराबाहेरच्या फरशीच्या अंगणात, मोठ्या कुंड्यांत लावली, आता जूनमध्ये दुपार झाली की सगळी पानं माना टाकतात म्हणून तुम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी घालताय, आणि आता एका रोपाचा बुंधा काळा पडून मऊ लागायला लागलाय. शिवाय किसायची वसाबी कधी मिळेल आणि पुण्याच्या बहिणीने तिकडे मिळणाऱ्या बिया घ्याव्यात का, हे दोन प्रश्न वेगळे. मी हॅम्पशायरला नर्सरीत काम करते, घरी पण उत्तरेच्या भिंतीला बरीच वर्षं वसाबी आहे, त्यामुळे सगळ्याचं उत्तर देते, लांबेल जरा.

आधी ते काळं पडलेलं रोप. त्याला आता पाणी नको. कुंडीतून अख्खं बाहेर काढा, माती झटका, मुळं नळाखाली हलक्या हाताने धुवा आणि बघा. चांगली मुळं पांढरट, कडक असतात. तपकिरी आणि चिमटीत धरल्यावर साल निघून येणारी मुळं गेलेली, ती कापून टाका. मग बुंध्याचा काळा भाग धारदार सुरीने थोडा थोडा छाटत जा, प्रत्येक काप घेण्याआधी सुरी स्पिरिटने पुसा, आणि आतून स्वच्छ हिरवट-पांढरं लागलं की थांबा. घाण वास येत असेल आणि आतलं सगळं पिळपिळीत झालं असेल तर ती जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज, ते रोप वाचवायच्या नादी लागू नका, मातीसकट टाका आणि कुंडी गरम पाण्याने घासून धुवा. पण टाकण्याआधी बुंध्याच्या बाजूला छोटे फुटवे आहेत का बघा. एखादा जरी स्वच्छ असला, त्याला दोन पानं आणि एखाद-दुसरं मूळ असलं, तरी तो तोडून छोट्या कुंडीत लावा, त्यातून नवीन रोप होतं. वाचलेल्या रोपाची अर्धी पानं पण काढा, म्हणजे मुळांवर भार पडणार नाही. काढलेली पानं खाऊन टाका, ती टाकायची नसतात.

आता दुपारी माना टाकण्याचं. हे वसाबी लावणाऱ्या प्रत्येकाला चकवतं. पानं मोठी, पातळ, लांब देठांवर, त्यामुळे ऊन लागलं किंवा हवा गरम झाली की पानांतून पाणी जितकं उडतं तितकं मुळं ओढून देऊ शकत नाहीत, माती ओलीगच्च असली तरी. झाड पान खाली सोडतं म्हणजे ऊन कमी लागावं, एवढंच. संध्याकाळी गार झालं की पुन्हा उभं राहतं. आपण मात्र दुपारी ते पडलेलं पान बघतो, जीव कासावीस होतो, तांब्याभर पाणी ओततो. माती आधीच भिजलेली, आता मुळांना हवाच उरत नाही, मुळं कुजायला लागतात, मग ती आणखी कमी पाणी ओढतात, दुसऱ्या दिवशी पानं आणखी पडतात, आणि आपण आणखी पाणी घालतो. नर्सरीत जी वसाबी लोक मेलेली परत आणून दाखवतात त्यातली बहुतेक बुडून मेलेली असते, तहानेने नाही.

म्हणून दुपारी पान पडलेलं दिसलं की पाण्याची झारी नाही उचलायची, कुंडी उचलायची. कुंडी सावलीत सरकवा, पानांवर गार पाण्याचा बारीक फवारा मारा, आणि संध्याकाळपर्यंत वाट बघा. संध्याकाळी, सकाळीसुद्धा पानं पडलेलीच असतील तर मात्र काहीतरी बिघडलंय, तेव्हा मातीत दोन पेरं बोट घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर मुळांकडे गडबड. कुंडीच्या वजनाचा अंदाज पण हळूहळू हाताला येतो.

"पण वसाबी तर पाण्यात वाढते ना" असं तुम्ही लिहिलंय, आणि फोटोत तसंच दिसतं, त्यामुळे हे जरा नीट सांगते कारण इथेच सगळं अडतं. जपानात वसाबी मुळात डोंगरातल्या ओढ्यांच्या काठची, गर्द झाडांच्या सावलीतली. लागवड सुरू झाली ती शिझुओकाच्या डोंगरातल्या उतोगी गावात, साधारण ४०० वर्षांपूर्वी असं मानतात, आणि तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याला ती फार आवडली अशी गोष्ट तिकडे सांगतात, त्याच्या घराण्याच्या चिन्हातलं पान आणि वसाबीचं पान दिसायला जवळचं. इझू द्वीपकल्पात मग उतारावर पायऱ्या-पायऱ्यांचे वाफे बांधायची पद्धत तयार झाली, सगळ्यात खाली मोठे धोंडे, त्यावर लहान दगड, त्यावर खडी आणि वर वाळू, आणि या सगळ्यातून झऱ्याचं पाणी सतत झिरपत खालच्या वाफ्यात जातं. शिझुओकाच्या या पारंपरिक वसाबी शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने २०१८ मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. नागानोमधल्या अझुमिनोला पद्धत वेगळी, तिथे सपाट जमीन खोल खणून भूजल वर आणलंय, दाइओ नावाची मोठी वसाबी बाग तिथे १९१५ पासून आहे, आणि उन्हाळ्यात सगळ्या बागेवर काळी जाळी ताणलेली असते.

या सगळ्यात पाणी आहे हे दिसतं, पण ते पाणी नक्की काय काम करतं ते बघा. एक, ते बारा महिने १२-१३ अंशांचं असतं, म्हणजे उन्हाळ्यात मुळं गार राहतात आणि थंडीत गोठत नाहीत. दुसरं, दगडांमधून खळाळत येतं म्हणून त्यात प्राणवायू भरपूर असतो. तिसरं मला सगळ्यात भारी वाटतं, वसाबीच्या मुळांतून जी तिखट द्रव्यं बाहेर झिरपतात ती आजूबाजूच्या बाकीच्या झाडांना मारक असतात आणि साठून राहिली तर खुद्द वसाबीची वाढही खुंटवतात, वाहतं पाणी ती धुऊन नेतं, म्हणून ओढ्यातल्या वसाबीचं खोड चांगलं जाडजूड होतं आणि मातीतल्या वसाबीचं बारीक राहतं. थोडक्यात, पाणी म्हणजे गारवा, हवा आणि स्वच्छता. कुंडीत साठलेलं कोमट पाणी यातलं एकही देत नाही, उलट सगळं उलटं करतं. कुंडीखालची बशी तर आजच काढा.

मातीतली वसाबी ही काही कमअस्सल भानगड नाहीये हां. जपानातही ओढ्यातली वेगळी आणि शेतातली वेगळी असे दोन प्रकार आहेतच, शेतातली झाडांच्या सावलीत साध्या मातीत लावतात आणि तिची पानं, देठ, बारीक खोडं लोणच्याला नाहीतर ट्यूबमधल्या पेस्टला जातात. आपण घरी कुंडीत लावतो ती हीच शेतातली पद्धत. इथे डॉर्सेट-हॅम्पशायरला वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीच्या जुन्या वाफ्यांत व्यावसायिक वसाबी होते कारण चुनखडीच्या डोंगरातलं झऱ्याचं पाणी वर्षभर १०-११ अंशांचं असतं. तुमच्या-माझ्या पाटिओवर तो झरा नाही. काही लोक पंप, पाइप, बादली, बर्फाच्या बाटल्या असं सगळं जमवून घरगुती ओढा करायला जातात, माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षी यात पडू नका. फिरत्या पाण्याचं तापमान उन्हाळ्यात हवेइतकं होतंच, आणि पंप एक रात्र बंद पडला की संपलं. मातीत लावा, शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तेवढीच ओल ठेवा, हाताला गार ओलसर लागेल पण मूठ दाबली तर पाणी निथळणार नाही.

मातीचं मिश्रण मी असं करते. निम्मं पीटविरहित (दलदलीतली माती न घातलेलं) चांगलं कंपोस्ट, आणि उरलेल्या निम्म्यात जाड ग्रिट म्हणजे बारीक खडी आणि पर्लाइट म्हणजे ते हलके पांढरे दाणे. प्रमाण एकदम काटेकोर नको, वरून पाणी ओतलं की काही सेकंदात खालून यायला लागलं पाहिजे ही परीक्षा. मातीचं आंबट-अल्कली प्रमाण, म्हणजे पीएच, ६ ते ७ च्या दरम्यान चालतं. नळाच्या जड पाण्याची लोक फार भीती घालतात, पण वर सांगितलं ना, इथली व्यावसायिक वसाबी चुनखडीतल्या पाण्यावरच वाढते. फक्त कुंडीत क्षार साठत जातात, म्हणून पावसाचं पाणी पिंपात धरलेलं असेल तर ते वापरा, नाहीतर नळाचं चालेल, अधूनमधून एकदा भरपूर पाणी घालून माती धुऊन काढायची. जिथे आधी कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली लावली होती ती माती मात्र वापरू नका, एकाच कुळातली झाडं आहेत, रोग तसेच पुढे येतात.

तुमची दुसरी चूक, चूक म्हणजे सगळेच करतात, छोटं रोप थेट मोठ्या कुंडीत लावलं. एवढ्याशा मुळांना ती सगळी माती सुकवता येत नाही, मधली माती आठवडाभर ओलीच राहते. छोट्या रोपाला दोन लिटरची कुंडी पुष्कळ, मुळांनी ती भरली की मग २५-३० सेंटिमीटरची. लावताना बुंध्याचा गड्डा, जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला की कूज ठरलेली. तुमच्या दुसऱ्या रोपाचा फोटो बघून मला तरी वाटतंय की बुंधा मातीखाली गेलाय, वरची माती बोटांनी बाजूला करून मोकळा करा.

जागा हा खरा प्रश्न. वसाबीला ८ ते १८-२० अंश आवडतं. २५ च्या वर ती कुरकुरते, २७-२८ च्या वर सलग काही दिवस गेले की वाढ थांबते आणि कूज, बुरशी सगळं तेव्हाच येतं. पाटिओ म्हणजे दक्षिणेकडे तोंड, खाली फरशी, मागे विटांची भिंत, हवामानखातं २४ सांगत असेल तेव्हा तिथे तिशी पार झालेली असते. घराच्या उत्तरेच्या बाजूला न्या. जिथे शेवाळं येतं, फर्न वाढतात, जिथे दुसरं काहीच नीट येत नाही म्हणून आपण कचऱ्याचे डबे ठेवतो, ती वसाबीची जागा. सकाळचं कोवळं ऊन तासभर चालेल, दुपारचं अजिबात नाही. अशी जागा नसेल तर ७०-८० टक्क्यांची शेडनेट लावा. कुंडी काळ्या प्लॅस्टिकची असेल तर ती दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत ओली वाळू भरा, वाळूतलं पाणी उडतं तसा आतला गारवा टिकतो, पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो. माठाचं तत्त्व आहे, आपल्याला काय सांगायचं.

कडक उन्हाळ्याचं वेगळं सांगते. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडात पहिल्यांदाच ४० च्या वर पारा गेला होता ना, लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ नोंदला गेला, त्या आठवड्यात लोकांच्या कितीतरी वसाबी गेल्या. असं काही येणार असं कळलं की कुंड्या घराच्या आत न्या, गार फरशीच्या युटिलिटी रूममध्ये नाहीतर तळघरात, दोन-चार दिवस अंधारात राहिली तरी काही होत नाही, उष्णतेने होतं. गॅरेजचं पत्र्याचं छप्पर असेल तर गॅरेज नको. पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या मातीवर टेकवून ठेवायची युक्ती काही जण सांगतात, मला पटत नाही, बुंध्याशी एकदम थंड आणि वर गरम असं होतं आणि बाटलीचा घाम बुंध्यावरच गळत राहतो. कॉन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली) आणि ग्रीनहाऊस उन्हाळ्यात पूर्ण वर्ज्य.

थंडीचं तसं टेन्शन नाही. थोडंफार दंव ती सोसते, पानं काळवंडली तरी बुंधा शाबूत असेल तर वसंतात परत फुटते. सलग गोठण असेल तर फ्लीस, म्हणजे झाडांवर घालायचं पातळ पांढरं कापड, गुंडाळा आणि कुंडी भिंतीला टेकवा. थंडीत पाणी अगदी कमी. इथे थंडीपेक्षा थंडीतला पाऊस त्रास देतो, म्हणून कुंडी विटांवर उचलून ठेवायची, खालची भोकं मोकळी राहिली पाहिजेत.

खताची हौस आवरा. वसंतात हळू विरघळणाऱ्या दाणेदार खताची चिमूट, आणि वाढ चालू असताना तीन-चार आठवड्यांनी पातळ केलेलं द्रवखत, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्मं. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि मावा लगेच येतो. तिखटपणा ज्या द्रव्यांतून येतो त्यांत गंधक असतं, म्हणून गंधक असलेलं खत असलं तर बरं. उष्णतेच्या लाटेत आणि ऐन हिवाळ्यात खत नाही.

किडी म्हणाल तर तुमच्या बागेत स्लग, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी, असतीलच, रेडिंग काय आणि कुठे काय. इतकं तिखट झाड हे प्राणी कसं खातात देव जाणे पण खातात, कोवळी पानं रातोरात जाळी करून ठेवतात. निळ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बागेत वापरायला ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंदी आहे, जुना डबा शेडमध्ये पडला असेल तर वापरू नका, फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या घ्या, किंवा रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचा, हा सगळ्यात खात्रीचा उपाय. कोबीवरची पांढरी फुलपाखरं पण येतात, पानाच्या मागे पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसले की बोटाने चिरडा, मे ते सप्टेंबर बारीक जाळी टाकली तर प्रश्नच मिटतो. मावा पाण्याच्या धारेने उडवा. साबणाचं पाणी वसाबीच्या पानाला सोसत नाही, डाग पडतात. आणि खालची जुनी पानं एकेक करून पिवळी पडून गळतात त्याला रोग समजू नका, तसंच वाढतं ते, पान गळतं तिथे खोडावर व्रण राहतो, असे व्रण एकावर एक चढत खोड लांब होत जातं. वसाबीच्या खोडावर जी गाठीगाठींची नक्षी दिसते ती हीच.

आता कधी मिळेल. लावल्यापासून दीड ते दोन वर्षं, जातीप्रमाणे जास्तही. वाकायामाकडची माझुमा जात चवीला फार वरची मानतात पण तिला वेळ जास्त लागतो, दारुमा जरा सोशिक. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांनी कुंडीतून दुकानातल्या फोटोसारखं मनगटाएवढं खोड निघणार नाही, अंगठ्याएवढं निघालं तर खूश व्हा. म्हणून मी सगळ्यांना सांगते की घरची वसाबी पानांसाठी लावा, खोड मिळेल ते वरकड. पानं-देठ पहिल्या वर्षापासून मिळतात, पाच-सहा पानं झाली की बाहेरचं एखादं काढत जायचं, जास्त नाही. देठ बारीक चिरून दह्यात घाला, मीठ-साखर, काकडीच्या कोशिंबिरीत तर फारच छान लागतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पांढरी चार पाकळ्यांची फुलं येतात, फुलांचे दांडे तोडूनच टाकायचे म्हणजे ताकद खोडाकडे राहते, आणि ते दांडे म्हणजे खरी चैन. जपानात ते चिरून, उकळत्या नाही, साधारण ८० अंशांच्या पाण्यात बुडवून काढतात, लगेच झाकणाच्या डब्यात घालून जोरजोरात हलवतात आणि बंदच ठेवतात, मग सोया सॉस. डबा उघडला की नाकात झणका येतो.

हा झणका येतो कुठून ते आपल्या लोकांना समजावणं सोपं आहे कारण आपण मोहरी फेसतो. मोहरीचा दाणा नुसता चावला तर विशेष काही लागत नाही, गार पाणी घालून वाटला, घोटला की नाकाडोळ्यांतून पाणी काढतो. वसाबीत हुबेहूब तेच, दोघी एकाच कुळातल्या. पेशींमध्ये सिनिग्रिन एका कप्प्यात आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं, पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि अॅलिल आयसोथायोसायनेट तयार होतं, तेच तिखट. उडून जाणारं असल्यामुळे ते जिभेपेक्षा नाकात जास्त जातं, मिरचीसारखं तोंडात जळत बसत नाही. उकळत्या पाण्यात विकर मरतं म्हणून ते ८० अंश. याच वाफेवर काही जपानी संशोधकांनी झोपलेल्या माणसाला जागं करणारा आगीचा अलार्म बनवला, ऐकू न येणाऱ्यांसाठी, त्यांना २०११ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. लोक हसतात पण कल्पना वाईट नाही.

म्हणूनच किसणी महत्त्वाची. जितक्या पेशी फुटतील तितकी चव, त्यामुळे आपल्या खोबऱ्याच्या-गाजराच्या किसणीचा उपयोग नाही, त्याने नुसते तुकडे पडतात. जपानी लोक शार्कच्या कातड्याची खरखरीत पाटी वापरतात. घरात जायफळाची बारीक किसणी असेल तर चालेल, सिरॅमिकची आल्याची किसणी त्याहून बरी. पानाकडच्या टोकापासून सुरू करायचं, गोल गोल, हलक्या हाताने, दाबून नाही. किसल्यावर दोन-तीन मिनिटं गोळा करून ठेवा, चव तेवढ्यात चढते, आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरते, म्हणून लागेल तेवढीच किसायची. उरलेलं खोड ओल्या किचन पेपरात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे राहतं, मध्ये मध्ये धुऊन पेपर बदला. अस्सल वसाबीला तिखटाच्या मागे एक गोडसर हिरवी चव असते, ती सुशीच्या दुकानातल्या हिरव्या गोळ्यात शोधू नका, तो बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश (याच कुळातलं एक तिखट मूळ), मोहरी आणि रंग असतो.

खोड काढायचं म्हणजे अख्खं झाड उपटायचं. तेव्हा आजूबाजूला पाच-दहा तरी फुटवे निघतात, त्यातले जोमदार तेवढे ठेवा आणि नव्या मातीत लावा, जुन्या नाही. ज्या झाडाच्या खोडाला कापल्यावर आत काळ्या रेषा किंवा काळं कडं दिसेल त्याचे फुटवे मात्र घेऊ नका, तो बुरशीचा रोग आहे आणि फुटव्यांतून पुढे जातो. सप्टेंबर-ऑक्टोबर लावायला सगळ्यात चांगला काळ, पुढचे सगळे महिने गार असतात, तोवर रोप जीव धरतं. तुम्ही एप्रिलमध्ये लावलं, जेमतेम मुळं धरतायत तोवर उन्हाळा आला.

बहिणीचं. पाकिटातल्या वाळलेल्या "वसाबी सीड्स" घेऊ नका म्हणावं, इकडेही नको आणि तिकडेही नको. वसाबीची बी वाळली की मरते, ती ओलसर आणि गार ठेवावी लागते, आणि त्यातूनही काही आठवडे थंडी दिल्याशिवाय किंवा जिबरेलिक आम्ल (बी उगवायला लावणारं संप्रेरक) लावल्याशिवाय उगवत नाही. पाकिटात वाळलेलं आणि तीन दिवसांत उगवणारं जे काही येतं ते झणझणीत पानांची मोहरी किंवा रॉकेट या सॅलडच्या तिखट पाल्याचा प्रकार असतो, नावात वसाबी असते एवढंच. वाईट नसतं ते, सॅलडला छान, पण पैसे वसाबीचे घेतात.

आणि पुण्यात खरी वसाबी होईल का, तर नाही, सरळ सांगते. मे महिन्यात ३८-४०, आणि डिसेंबरात रात्री कितीही गारठा असला तरी दुपारी २८-३० असतंच. एसीच्या खोलीत ठेवलं तर हवा कोरडी, आणि विजेच्या बिलात जपानहून खोड मागवून होईल. महाबळेश्वर म्हणाल तर पावसाळा आणि थंडी ठीक, एप्रिल-मे तिथेही तिशी ओलांडते, आणि पावसाळ्यात तिथे जो धो धो कोसळतो त्यात कुंडीचा निचरा सांभाळणं वेगळीच कसरत. हिमालयाच्या मधल्या उंचीवर सावलीचा, झऱ्याजवळचा उतार असेल तर हवामान जुळू शकेल, पण ते घरची कुंडी राहत नाही मग.

तिला नाकात जाणारं काहीतरीच हवं असेल तर अळीव पेरायला सांगा. लाडवाचे तेच अळीव, वाण्याकडचे, हे पण मोहरीच्याच कुळातले. पसरट ताटलीत ओला टिश्यू किंवा कोकोपीटचा थर, त्यावर बिया विरळ भुरभुरवायच्या, भिजत घालायच्या नाहीत कारण चिकट बुळबुळीत होतात, वरून दिवसातून दोनदा फवारा. आठवड्या-दहा दिवसांत दोन इंच झाले की कात्रीने कापून थालीपिठाबरोबर, अंड्यावर, कशावरही. तुमच्याकडे अंड्याच्या सँडविचमध्ये जो क्रेस घालतात तो हाच, त्यामुळे चव तुम्हाला माहीतच असेल. पुण्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम येतात, उन्हाळ्यात कडू होतात आणि लवकर सडतात, तेव्हा पेरू नका.